गोदाक्कांची खेळणी

शनिवारच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ओळीत अगदी शेवटी एक माणूस ताडपत्री अंथरून मऊ खेळण्यांचा ढीग लावायचा. परदेशातून गठ्ठ्यांनी येणारा वापरलेला माल. अस्वलं, ससे, हत्ती, एखादं कान लोंबणारं कुत्रं. गोदाक्का त्या ढिगापुढे चवड्यांवर बसायच्या, एखादा ससा उचलायच्या, त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहायच्या आणि मग त्या माणसाला विचारायच्या, "ह्येचं पोर कसं हाय?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, त्या विक्रेत्याच्याच मुलाची चौकशी करताहेत. तसं नव्हतं. हा ससा आधी ज्या पोराच्या हातात होता ते पोर धडधाकट आहे का, भरल्या घरातलं आहे का, हे आक्कांना कळायला हवं असायचं. विक्रेता मुरलेला. "विमानानं आलंय आज्जी. पोर फॉरिनात हाय, टणटणीत!" की आक्का माझ्याकडे वळून म्हणायच्या, "ऐकलीस न्हवं? टणटणीत म्हणाला." आणि ससा पिशवीत. डोळे ओढून बघितले नाहीत, शिवण तपासली नाही, पोटात काय कोंबलंय त्याचा पत्ता नाही. मी तिथेच कपाळावर हात मारून घ्यायची.

वडगावात आम्ही त्यांच्या समोरच भाड्याने राहत होतो. त्यांच्या घरात पुढच्या खोलीत माग. मुलगा मागावर साड्या काढायचा आणि आक्का उंबऱ्याशी बसून सुताच्या कांड्या भरायच्या. मागांचा खडखडाट दिवसभर चाले, आणि त्या खडखडाटातही कुठल्या घरातलं पोर रडतंय ते आक्कांना नेमकं कळायचं. हातातली कांडी तशीच टाकून त्या निघायच्या. पोर कुणाचंही असो, आक्कांनी छातीशी धरलं की गप्प. बायका म्हणायच्या, आक्काचा हात गुणाचा. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं पहिलं पाणी आक्कांचं, बारशाला पाळण्याची पहिली दोरी आक्कांच्या हातात, आणि जन्मलेल्या प्रत्येक पोराला आक्कांकडून एक जुनं खेळणं.

जुनंच का? तर आपल्याकडे बाळाला पहिलं अंगडं जुनं घालतात ना, दुसऱ्या एखाद्या सुखरूप वाढलेल्या पोराचं, म्हणजे हेही तसंच वाढेल, तीच रीत आक्कांनी खेळण्यांना लावली होती. "नवं ते दुकानाचं, जुनं ते पोराचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "नव्या खेळण्याला काय म्हाईत पोर म्हंजी काय ते? ह्यो ससा एक पोर हसवून आलाय." वाक्य कानाला गोड लागतं, पण वाक्याने घशात अडकलेला मणी निघत नाही.

माझी मनू सहा महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. ऑफिस टिळकवाडीला. नवरा निपाणीच्या शाळेत, सकाळची बस पकडायची तर माझ्याआधी घराबाहेर. सासूबाई गुंजीला, भात आणि म्हशी सोडून त्या येणार कशा? माझी आई असती तर प्रश्नच नव्हता. तेव्हा मनू दिवसभर गोदाक्कांकडे. त्यांनी स्वतःहून पोरीला उचललं आणि म्हणाल्या, "तू जा गं हापिसला. माझ्या मांडीवर जागा हाय." त्या क्षणी मला रडू आलं होतं, आणि ते खरं होतं. त्यानंतर जो वैताग सुरू झाला तोही तितकाच खरा.

तिसऱ्याच दिवशी घरी आले तर मनूच्या हातात ससा. पिवळट, मळका, गळ्यात हातभर लाल फीत आणि डिंकाने चिकटवलेले बटणांचे डोळे. मी एक डोळा चिमटीत धरून ओढला, तो हातात आला. "बघा आक्का! हे तिच्या पोटात गेलं असतं. घशात अडकलं असतं तर?"

"आमी खडं गिळून वाढलाव."

"जे वाढले नाहीत ते सांगायला येत नाहीत, आक्का."

"तोंडाला लई लागलीस बाई तू," त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसल्या की माझा राग अर्धा जायचा, ते त्यांना ठाऊकही होतं.

मी हट्टाने एकेक गोष्ट लावून धरली. या वयाचं पोर जग तोंडाने बघतं, हाताला लागेल ते आधी हिरडीखाली जातं, म्हणून डोळे चिकटवलेले नकोत, दोऱ्याने भरलेले हवेत. फीत कापायची, कारण गळ्याभोवती फिरली तर काय करणार? शिवण दोन्ही हातांनी ताणून बघायची. पोटात थर्माकोलच्या गोळ्या लागल्या तर ते खेळणं घ्यायचंच नाही. ओलसर वास आला की ठेवून द्यायचं. कुठल्या पोराच्या लाळेतून, कुठल्या गोदामातून आलंय देव जाणे, तेव्हा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचं. आणि पोर झोपलं की पाळण्यातून बाहेर काढायचं.

आक्का ऐकत नव्हत्या असं मी म्हणणार नाही. मागावाल्या घरातली बाई, सुई-दोऱ्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी सशाचे डोळे काढले आणि काळ्या रेशमाने असे भरले की तो खरंच बघतोय असं वाटावं. फीत गेली. पत्र्यावर ससा वाळत घातला जाऊ लागला. मी खूश झाले. वाटलं, सुधारली म्हातारी! कसलं काय. पुढच्याच आठवड्यात सशाच्या गळ्यात काळ्या मण्यांचा सर आणि कमरेला घुंगरू.

"हे काय?"

"दिष्ट लागू ने म्हणून. पोर गोरंपान हाय तुझं."

मी मणी कापले. त्यांनी पुन्हा शिवले. मी पुन्हा कापले, त्यांनी जाड दोऱ्याने शिवले, आणि वर मलाच, "आता बघ, ह्यो तुटायचा न्हाय. तुलाच भ्या वाटतंय न्हवं, तुटंल म्हणून?" पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. त्यांना पोराची काळजी नव्हती असं नाही, माझ्यापेक्षा काकणभर जास्तच होती. पण त्यांची काळजी सगळी बाहेरून येणाऱ्या नजरेची. पोराच्या तोंडात काय जातंय, ते त्यांच्या लेखी पोराचं आणि देवाचं. मी रात्री नवऱ्यापुढे तणतणायची. तो बिचारा बसने हाडं खिळखिळी करून आलेला. म्हणायचा, "जरा जपून बोल. त्या नाही म्हणाल्या तर मनूला ठेवायची कुठे?" हेच तर दुखणं होतं. जिच्यावर चिडायचं, सकाळी पोर तिच्याच मांडीवर ठेवून बस गाठायची.

शेवटी एकदा मी निक्षून सांगितलं, "आक्का, सशावर बाहेर एक जरी मणी दिसला तरी मी तो ससा नाल्यात टाकीन."

आक्कांनी ससा हातात घेऊन चाचपला. मग म्हणाल्या, "बरं. भायेर न्हाय दिसायचा."

आणि दिसला नाही. मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी! ऑफिसात मैत्रिणीला सांगितलं, गोडीने घेतलं की माणूस ऐकतं.

मनूला दात येत होते. हाताला लागेल ते चावायची, आणि सशाचा उजवा पाय म्हणजे तिच्या विशेष आवडीचा. मे महिन्यातल्या एका दुपारी ऑफिसात फोन आला. आक्कांच्या मुलाचा. मागाचा आवाज नव्हता मागे, म्हणजे माग बंद केला होता. रिक्षा करून आले. आक्का उंबऱ्यातच मनूला घेऊन उभ्या होत्या. पोरीचे ओठ सुजलेले, हनुवटीवर लालभडक चट्टा, त्यावर फोड, आणि रडून रडून आवाज बसलेला. आक्कांनी खोबरेल लावलं होतं. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "डाक्टरला सांग, बिब्बा उतलाय. दुसरं कायबाय सांगून येळ घालवू नको. चल, मी बी येतो."

बिब्बा. परीट कपड्यांवर खुणा करायला वापरायचे ती काळी बी. तिचं तेल अंगाला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. आणि तीच बी आपण दृष्ट लागू नये म्हणून पाळण्याला बांधतो! मी मणी बाहेर नको म्हटलं, म्हणून आक्कांनी सशाच्या पायाची शिवण उसवून मणी आत घातले, सोबत चांगला वाळलेला बिब्बा फडक्यात गुंडाळून घातला, आणि वरून अशी शिवण मारली की मी रोज हातात घेऊनही मला कळलं नाही. पत्र्यावर उन्हात तापून तापून त्याचं तेल सुटलं, फडक्यातून, कापसातून बाहेर आलं, आणि माझी पोर ते चोखत बसली.

डॉक्टरांना फोडांची तेवढी भीती नव्हती. सूज घशात उतरली तर श्वास अडेल, ही भीती होती. मनूला ठेवून घेतलं. दर थोड्या वेळाने नर्स येऊन तिचा श्वास बघून जायची. आक्का बाहेरच्या बाकावर बसून होत्या, चहासुद्धा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सूज उतरली, पोरगी दूध प्यायली, आणि मग माझी भीती गेली आणि राग उरला.

"आक्का, माझ्या पोरीला कुणाची दृष्ट लागली नाही. तुम्ही लागलात."

सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले. आक्कांनी मान खाली घातली नाही, रडल्या नाहीत. "व्हय," म्हणाल्या. मग एकदम, "रेखाच्या पोराला बी दात यालेत की गं." आणि चप्पल घालून चालू लागल्या.

मला कळेना, ही बाई निघाली कुठे. नंतर कळलं. एक मनूचाच ससा तसा नव्हता. गल्लीत ज्या ज्या घरात लहान पोर होतं त्या त्या घरात आक्कांचं खेळणं होतं, आणि माझी कटकट सुरू झाल्यापासून "भायेर नको" म्हणून त्या सगळ्यांच्या आत बिब्बा होता. शिवाय बायका त्यांचं बघून शिकल्या होत्या. एकदोघींनी बहिणींच्या पोरांनाही तसंच करून पाठवलं होतं.

आक्का आधी रेखाकडे गेल्या. रेखा आमच्या शेजारची, तिचा मुलगा मनूच्याच वयाचा. आक्कांनी जे झालं ते सरळ सांगितलं आणि अस्वल मागितलं. रेखा देईना. "आक्का, तुमचं अस्वल आल्यापासनं पोरगा रात्रीचा झोपतोय. मी उसवू देणार न्हाय. त्या हापिसवालीनं तुमास्नी काय काय बोललंय ते कळलंय मला. तिचं नका मनाला लावून घेऊ." झालं! सगळ्या गल्लीने अशी समजूत करून घेतली की मी म्हातारीला दवाखान्यात चारचौघांत बोलले, आणि आता ती बिचारी भिऊन दारोदार फिरतेय. घराघरांतून आक्कांना चहा मिळाला, धीर मिळाला, खेळणं एकही मिळालं नाही.

मग मी गेले. मनूला कडेवर घेऊन, तिची हनुवटी दाखवत. "बघा हो, डोळ्यांनी बघा." तर म्हणतात कशा, "तुमच्या पोरीची कातडी नाजूक, वैनी. बाटलीच्या दुधाची पोरं अशीच." एकीने तर मलाच विचारलं, "बिब्बा नसता तर पोर वाचलं असतं व्हय?" ज्या बिब्ब्यापायी पोर मरता मरता वाचलं, त्याच बिब्ब्याला वाचवल्याचं श्रेय! मी डॉक्टरांचं सांगितलं, तेल कसं सुटतं ते सांगितलं, नुसता पाय कापून आतलं तेवढं द्या म्हटलं. कुणी ऐकेल तर शपथ. शिकलेल्या बाईने घरोघर जाऊन हात जोडायचे आणि बायकांनी दार अर्धं लावून घ्यायचं, असा तो आठवडा गेला. रेखाचा पोरगा माझ्या डोळ्यांदेखत अस्वलाचा पंजा तोंडात कोंबत होता, आणि मी दारात उभी.

आठवड्याअखेरीस आक्का माझ्याकडे आल्या. "हे असं न्हाय व्हायचं," म्हणाल्या. "तू बस घरात."

दुपारी पाण्याच्या नळावर सगळ्या बायका जमल्या होत्या. आक्का तिथे गेल्या, घागर खाली ठेवली आणि मोठ्याने म्हणाल्या, "बायांनो, माझ्या हाताला बाधा झालीया. मी दिलेलं खेळणं पोराला बाधतंय. समोरच्या पोरीला बाधलं, आता कुणाची पाळी म्हाईत न्हाय. देवरुषानं सांगितलंय, माझ्या हातचं, न्हाय तर माझं बघून केलेलं, कुणी घरात ठिवू ने."

देवरुषीबिवरुषी कुणी नव्हता. आक्का कुठल्याच देवरुषीकडे गेल्या नव्हत्या. पण संध्याकाळच्या आत गल्लीतली सगळी खेळणी त्यांच्या दारात येऊन पडली. हातात कुणी आणून दिली नाहीत, लांबून टाकली. काहींवर हळद-कुंकू, काहींवर लिंबू कापलेलं. बहिणींकडे गेलेली खेळणीसुद्धा दुसऱ्या दिवशी एसटीने परत आली. मी आठवडाभर घसा फोडून जे झालं नाही ते एका खोट्या वाक्याने झालं! मला त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता. मी भांडी आपटत होते.

आम्ही दोघींनी मिळून ती खेळणी उसवली. मी हातमोजे घातले होते, आक्का चिमट्याने बिब्बे काढत होत्या. रेखाच्या अस्वलाच्या पंज्यातला बिब्बा फुटलेला होता, कापूस काळा झालेला. आक्कांनी तो मला दाखवला आणि पुढचं खेळणं घेतलं.

त्यानंतर आक्कांच्या मांडीवर कुणी पोर दिलं नाही. रस्त्याने जाताना बायका पोराचं तोंड पदराने झाकायच्या. पहिल्या पाण्याला कुणी बोलावलं नाही. मनू तेवढी त्यांच्याकडे राहिली. लोक मला म्हणाले, तुम्ही अजून ठेवता? मी म्हणाले, हो, ठेवते, काय म्हणणं आहे? मी त्यांना माफ केलं होतं असंही नाही. मनूच्या हनुवटीवरचा डाग बरेच महिने गेला नव्हता, आणि तो दिसला की माझं डोकं फिरायचं. पण त्या दिवसानंतर मनूच्या हातात देण्याआधी आक्का लाकडी चमचासुद्धा उलटसुलट करून बघायच्या.

दीड-दोन वर्षांनी रेखाला मुलगी झाली. बारशाला अख्खी गल्ली बोलावली, आक्का सोडून. मी साडी नेसून तयार झाले, मनूला आणायला समोर गेले, तर आक्का उंबऱ्यात कांड्या भरत बसलेल्या. पलीकडून पाळणा म्हणायचे आवाज येत होते. इतकी वर्षं पहिली दोरी या बाईच्या हातात असायची! माझा तोल गेला.

"बास झालं आता. मी आज सगळ्यांसमोर सांगते. बाधाबिधा काही नव्हती, तुम्ही खोटं बोललात ते त्यांच्याच पोरांसाठी बोललात. रेखाचा पोरगा आज पळतोय तो कुणामुळे, हे कळू दे तिला."

आक्कांनी माझ्या साडीचा पदर धरला. "बस खाली."

"का म्हणून?"

"माझा हात चांगला हाय म्हणून सांगटलीस, तर माझं समदंच चांगलं म्हणतील. परत बिब्बा घालतील की गं पोरीच्या खेळण्यात. आत्ता माझ्या हाताला नावं ठेवत्यात, तवर बिब्ब्याला कोण शिवत न्हाय." मग कांडी फिरवत म्हणाल्या, "लहान हाईत अजून ती पोरं. जरा मोठी होऊ देत. मग सांग काय सांगायचं ते."

मी बसले. पलीकडे नाव ठेवलं, टाळ्या झाल्या, आक्कांनी इथूनच कानाजवळ बोटं मोडली.

गोदाक्का गेल्या वर्षी गेल्या. बायका आल्या, पण पोरांना घरात कोंडून आल्या. मी तेव्हाही काही बोलले नाही, कारण रेखाची मुलगी अजून सगळं तोंडात घालत होती. यंदा तिला बालवाडीत घातलंय. परवा ती दप्तर पाठीला लावून आमच्या दारावरून गेली, आणि मी चप्पल घालून रेखाकडे गेले. म्हटलं, "रेखा, आक्कांच्या हाताला काही झालेलं नव्हतं."